‘निगेटिव्ह’ म्हणजे नक्की काय? कॅज्युअल्टीतली ड्रग टेस्ट आणि तिच्यातून निसटणारी औषधं

अनारशाला लावलेल्या खसखशीमुळे लघवीची ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि फेंटानिल घेऊन ओठ निळे पडलेल्या, श्वास बंद पडायच्या बेतात असलेल्या माणसाची तीच टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. पहिल्या गोष्टीची थोडीफार कल्पना दुबईला जाणाऱ्यांना असते. तिथे खसखशीवर बंदी आहे, म्हणून ‘बॅगेत खसखस टाकू नकोस’ असं घरचे बजावतात. दुसरी मात्र डॉक्टर आणि लॅबवाले सोडले तर फारशी कुणाला माहीत नाही. ती माहीत असायला हवी असं मला फार वाटतं, आणि त्याला कारण आमच्याच चाळीत घडलेली एक गोष्ट आहे.

लालबागला आमच्या मजल्यावरच्या एका काकूंचा भाचा, वय बावीस, एका दुपारी जिन्यात बेशुद्ध सापडला. टॅक्सीत घालून जवळच्या रुग्णालयात नेला. तिथल्या डॉक्टरांनी ताबडतोब इंजेक्शन दिलं, पोरगा डोळे उघडून बसला. रात्रभर ठेवूया, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. तेवढ्यात लघवीचा रिपोर्ट आला. सगळ्या रकान्यांत ‘निगेटिव्ह’. नातेवाइकांना हायसं वाटलं. ‘काही सापडलं नाही ना, मग कशाला ठेवायचं?’ म्हणत सही केली आणि संध्याकाळीच त्याला घरी आणला. रात्री काकू तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. ‘तू लॅबमध्ये होतीस ना, जरा बघ गं, सगळं नीट आहे ना?’ कागदावर सगळं नीट होतं. पण ज्याचा शोध घ्यायला हवा होता, ते त्या कागदावर कुठेच नव्हतं.

अमेरिकेतल्या काही राज्यांनी यावर कायदे केले आहेत. आपल्याकडे असा कायदा हवा का, हे ठरवण्याआधी टेस्ट काय बघते आणि काय बघत नाही, ते समजून घेऊ.

अफूच्या घरातले आणि बाहेरचे

अफूच्या बोंडातून चीक निघतो. त्यात मॉर्फिन आणि कोडीन ही द्रव्यं निसर्गतःच असतात. मॉर्फिनवर प्रक्रिया केली की हेरॉइन होतं, आणि त्याचंच भेसळयुक्त रूप म्हणजे आपल्याकडची ब्राउन शुगर, म्हणजेच ‘गर्द’. ही सगळी अफूच्या घरातली मंडळी.

दुसरा गट अफूशिवाय, निव्वळ रसायनांपासून कारखान्यात तयार होतो. त्यांना कृत्रिम ओपिऑइड म्हणतात. ओपिऑइड म्हणजे अफूसारखा परिणाम करणारं कोणतंही औषध, मग ते शेतातून आलेलं असो की कारखान्यातून. फेंटानिल, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, मेथाडोन ही कृत्रिम गटातली नावं.

ही मुळात औषधं आहेत, हे विसरून चालणार नाही. फेंटानिल बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी १९६०च्या सुमारास शोधलं. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना ते आजही रोज वापरतात, कॅन्सरच्या वेदनांसाठी त्याचे पॅच मिळतात. पण ते मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तीव्र आहे. सवय नसलेल्या माणसाला दोन मिलिग्रॅमही, म्हणजे मिठाच्या मोजक्या कणांएवढंसं, जीवघेणं ठरू शकतं.

वॉचमन चेहरा बघतो, कुलूप किल्ली बघतं

मेंदूत काही जागा अशा आहेत, जिथे ओपिऑइड जाऊन बसलं की वेदना शमते, गुंगी येते, आणि डोस जास्त झाला तर श्वास घ्यायची आठवणच मेंदूला राहत नाही. या जागांना आपण फ्लॅटचं कुलूप म्हणू. मॉर्फिनकडे त्या कुलपाची किल्ली आहे.

आता लघवीची टेस्ट म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. त्याच्या हातात एक फोटो दिलाय, मॉर्फिनचा. कोडीन त्याचा सख्खा भाऊ, तोंडवळा तोच, त्यामुळे तोही पकडला जातो. हेरॉइन शरीरात गेल्यावर त्याचं मॉर्फिनच होतं, म्हणून तेही सापडतं. खसखशीवर अफूच्या चिकाचा अंश लागलेला असतो. बिचारी खसखस त्यापायीच अडकते. अमेरिकेत नोकरीच्या चाचण्यांमध्ये हे इतकं व्हायला लागलं की १९९८ साली तिथल्या केंद्र सरकारने पॉझिटिव्ह ठरवायची मर्यादा लघवीच्या दर मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून थेट २००० नॅनोग्रॅमवर नेली.

आणि मग फेंटानिल येतं. नाक, डोळे, उंची सगळं वेगळं, पण खिशात त्याच फ्लॅटची किल्ली. वॉचमन फोटोकडे बघतो, फेंटानिलकडे बघतो आणि सलाम ठोकून आत सोडतो. आत कुलूप मात्र निमूटपणे उघडतं. टॅपेंटाडॉल आणि ट्रामाडॉल हेही असेच आत जातात.

वॉचमन खोटं बोलला का? नाही. ‘या फोटोतला माणूस आला नाही’ एवढंच तो म्हणाला. आपण त्याचा अर्थ ‘कुणीच आलं नाही’ असा घेतला.

फेंटानिल पकडायचं तर त्याच्या स्वतःच्या फोटोची वेगळी टेस्ट लागते. ती अस्तित्वात आहे आणि काही मिनिटांत होते. पण ती मुद्दाम मागवावी लागते, नेहमीच्या पॅनलमध्ये आपोआप येत नाही. पॅनल म्हणजे एकाच वेळी तपासल्या जाणाऱ्या द्रव्यांचा संच.

अमेरिकेत कायदा करायची वेळ का आली

२०१८ साली कॅलिफोर्नियात १९ वर्षांच्या एका मुलाला इमर्जन्सीत नेलं. त्याच्या ड्रग टेस्टमध्ये काही निघालं नाही. त्यानंतर लवकरच तो गेला. त्या टेस्टमध्ये फेंटानिल नव्हतंच, हे त्याच्या आईला नंतर कळलं. तिने पाठपुरावा केला, आणि १ जानेवारी २०२३पासून ‘टायलर्स लॉ’ या नावाने ओळखला जाणारा कायदा त्या राज्यात लागू झाला.

या कायद्याबद्दल एक गैरसमज पसरलेला दिसतो: इमर्जन्सीत येणाऱ्या प्रत्येकाची फेंटानिलची टेस्ट करा, असं तो म्हणतो. तसं तो म्हणत नाही. निदानासाठी तुम्ही रुग्णाच्या लघवीची ड्रग टेस्ट करणारच असाल, तर त्यात फेंटानिल असलंच पाहिजे, एवढीच त्याची मागणी आहे. पाय मुरगळून आलेल्या आजोबांचा याच्याशी संबंध नाही. मेरिलंडने २०२३ मध्ये याच धर्तीचा कायदा केला.

अमेरिकेची गरज समजायला दोन आकडे पुरेत. २०२२ मध्ये तिथे ड्रग्जच्या अतिसेवनाने सुमारे १ लाख ८ हजार माणसं गेली. त्यातल्या जवळपास ७४ हजार जणांच्या मृत्यूत कृत्रिम ओपिऑइडचा हात होता, आणि त्यात मुख्य फेंटानिल. २०२४ मध्ये एकूण मृत्यू घटून ८० हजारांच्या आसपास आले, तरी मुंबईतल्या एखाद्या उपनगराएवढी माणसं दरवर्षी जातच आहेत.

“उपचार टेस्टची वाट बघत नाहीत, मग टेस्ट हवीच कशाला?”

हा आक्षेप डॉक्टरांकडून येतो आणि तो सगळ्यात वजनदार आहे. बेशुद्ध माणूस, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या आणि मंदावलेला श्वास हे तीन एकत्र दिसले की अनुभवी डॉक्टर ओपिऑइड धरूनच चालतात. श्वास सांभाळतात, नॅलोक्सोन देतात. ते औषध कुलपातली किल्ली ढकलून स्वतः तिथे बसतं आणि रुग्ण मिनिटांत शुद्धीवर येतो. यात लघवीच्या रिपोर्टची वाट कुणी बघत नाही, बघूही नये.

पण नॅलोक्सोन कुलपात फार वेळ थांबत नाही. साधारण अर्धा ते दीड तास. तोवर किल्लीवाले मात्र जिन्यात उभेच असतात. घेतलेलं द्रव्य शरीरात जास्त काळ टिकणारं असेल, जसं मेथाडोन किंवा हळूहळू विरघळणारी टॅपेंटाडॉलची गोळी, तर नॅलोक्सोन उठून गेल्यावर ते परत आत शिरतं. घरी नेलेला, जेवलेला, झोपवलेला मुलगा अंथरुणातच श्वास विसरतो. म्हणून टेस्टचा खरा उपयोग पहिल्या पाच मिनिटांत नसून पुढच्या रात्रीसाठी आहे. रुग्णाला किती वेळ नजरेखाली ठेवायचं, आणि नातेवाइकांना सांगायचं काय?

द्रव्य कोणतं यावर नजर कशावर ठेवायची हेही बदलतं. ट्रामाडॉलच्या मोठ्या डोसने आकडी येऊ शकते. टॅपेंटाडॉलसोबत कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध मिसळलेलं असेल, तर त्याची गुंगी नॅलोक्सोनने उतरत नाही. डॉक्टरांना वाटतं, इंजेक्शन देऊनही हा पूर्ण जागा का होत नाही?

शिवाय पुष्कळदा घेणाऱ्यालाच माहीत नसतं आपण काय घेतलं ते. अमेरिकेत फेंटानिल घातलेल्या बनावट गोळ्या वेदनाशामक म्हणून विकल्या जातात. शुद्धीवर आल्यावर ‘तुझ्या शरीरात हे सापडलं’ असं सांगणं हा त्या माणसाला थांबायची संधी देण्याचा क्षण असतो. त्याच क्षणी व्यसनमुक्तीचे उपचार सुरू करता आले तर उत्तमच.

आणखी एक उपयोग शहरासाठी आहे. मेरिलंडमध्ये रुग्णालयं नाव-गाव काढून टाकून चाचण्यांचे निकाल आरोग्य खात्याला कळवतात. पाणी साठायला लागलं की हिंदमाताला राहणाऱ्याला आधी कळतं, तसं नवं विष शहरात आलं की ते आधी कॅज्युअल्टीत कळायला हवं, शवागारात नव्हे.

“हे अमेरिकेचं दुखणं. मुंबईत फेंटानिल आहे कुठे?”

आपल्या रस्त्यांवर फेंटानिलची लाट आलेली नाही, हे मान्य. पोलिसांच्या कारवायांच्या बातम्यांत सध्या सतत दिसतं ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन. ते ओपिऑइडच नव्हे. ते उत्तेजक आहे, नॅलोक्सोनशी त्याचा संबंध नाही. (अँफेटामाइन गटातली उत्तेजकं शोधणाऱ्या नेहमीच्या चाचणी-पट्टीतून तेही अनेकदा निसटतं, हे जाता जाता सांगून ठेवते.)

पण ओपिऑइड मुंबईला नवे नाहीत. १९८०च्या दशकात गर्द आली आणि तिने मराठीला ‘गर्दुल्ला’ हा शब्द दिला. तो शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यामागे कुणाचा तरी मुलगा आहे, हे मनातच येत नाही. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइड घेतात. मदतीची गरज असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मोजक्या राज्यांत आहेत, आणि त्या यादीत महाराष्ट्र आहे. याच सर्वेक्षणात हेरॉइन घेणारे १.१४ टक्के आणि औषधी ओपिऑइडचा नशेसाठी वापर करणारे ०.९६ टक्के होते. मेडिकलमधून येणारी नशा गर्दच्या फार मागे नाही.

ट्रामाडॉल २०१८ मध्ये एनडीपीएस कायद्याखाली, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं. टॅपेंटाडॉलचं नाव बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते फेब्रुवारी २०२५ मध्ये. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्या मुंबईतल्या एका कंपनीकडून पश्चिम आफ्रिकेत जातात आणि तिथे नशेसाठी विकल्या जातात, हे बीबीसीने उघड केलं. त्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी या मिश्रणाच्या निर्यातीच्या परवानग्या मागे घेतल्या. गोळ्या आपल्या अंगणात बनत होत्या. आपल्या कॅज्युअल्टीतली पट्टी मात्र त्यांना ओळखत नाही.

म्हणून मुंबईने कॅलिफोर्नियाची नक्कल करून फक्त फेंटानिलची पट्टी जोडली, तर आपण दुसऱ्याच्या सोसायटीतल्या चोराचा फोटो आपल्या गेटवर लावल्यासारखं होईल. आपल्याला ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉलपासून सुरुवात करायला हवी. फेंटानिल त्यांच्या सोबत असू दे.

“पोलीस केस होईल, नाव खराब होईल”

ही भीती खोटी नाही. आपल्याकडे विषबाधेचा संशय असलेला रुग्ण आला की एमएलसी होते, म्हणजे पोलिसांना कळवल्याची नोंद. एमएलसी म्हणजे गुन्हा नव्हे. पण अमली पदार्थाचं सेवन हा एनडीपीएसच्या कलम २७ खाली गुन्हा आहे, हेही खरं. म्हणूनच लोक बेशुद्ध मुलाला घरीच पाणी मारत बसतात, आणि कॅज्युअल्टीत आणलं तर ‘काहीतरी खाल्लं असेल’ एवढंच सांगतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की आधी जीव वाचवायचा, कागद मागाहून. आणि एनडीपीएसच्या कलम ६४अ नुसार, सेवनाच्या किंवा अगदी अल्प प्रमाणाच्या प्रकरणात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

मेडिक्लेमची अडचण मात्र खरीखुरी आहे आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांमध्ये व्यसन आणि त्याच्या परिणामांवरचे उपचार येतात. केस पेपरवर ‘ओपिऑइड पॉझिटिव्ह’ असं लिहिलं गेलं की दावा नाकारला जाऊ शकतो. टेस्ट सक्तीची करायची आणि तिचा निकाल कुटुंबाच्या गळ्यात अडकवायचा, हे मला अजिबात पटत नाही. सक्ती यायची असेल तर निकाल उपचारासाठीच वापरला जाईल, ही हमी त्याच नियमात हवी. ती नसेल, तर लोक कॅज्युअल्टीची पायरीच चढणार नाहीत.

पॉझिटिव्हवरही डोळे मिटून विश्वास नको

समजा अपघातातला रुग्ण आला, वेदना कमी करायला त्याला फेंटानिल दिलं आणि नंतर नमुना घेतला. फेंटानिलची टेस्ट पॉझिटिव्हच येणार! बाळंतपणात पाठीतून दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक इंजेक्शनमध्येही अनेकदा फेंटानिल असतं. त्यामुळे अमेरिकेत काही बाळंतिणींवर नाहक संशय घेतला गेला. वेदनांसाठी फेंटानिलचा पॅच लावलेले परळच्या टाटा रुग्णालयातले रुग्ण तर कुठेही पॉझिटिव्हच येतील. म्हणून नमुना उपचाराआधी घेतला की नंतर, याची वेळ केस पेपरवर हवीच.

लघवीत द्रव्य सापडलं म्हणजे आजची बेशुद्धी त्यानेच आली, असंही नाही. फेंटानिलचे अंश साधारण एक ते तीन दिवस सापडतात, रोज घेणाऱ्यात त्याहून कितीतरी जास्त. डोक्याला मार लागलाय का, साखर उतरलीय का, हे बघावंच लागतं. ‘गर्दुल्ला आहे, पडू दे’ म्हणून मेंदूतला रक्तस्राव नजरेआड होणं हा टेस्टने केलेला घात ठरेल.

आणि एक बारीक गोष्ट, जी लॅबमध्ये नव्याने आलेल्यांनाही चकवते. कोविडच्या किंवा गर्भधारणेच्या पट्टीवर दोन रेषा म्हणजे पॉझिटिव्ह. ड्रग्जच्या पट्टीवर उलटं असतं: दोन रेषा म्हणजे निगेटिव्ह, एकच रेषा म्हणजे पॉझिटिव्ह. पट्टी ही नुसती चाळणी आहे. खात्री करायची तर नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या, म्हणजे रेणूंच्या वजनावरून द्रव्य ओळखणाऱ्या, यंत्रावर जावा लागतो, आणि ते रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत होत नाही.

सक्ती करायचीच, तर कशाची?

केईएम, सायन, नायर, कूपरच्या कॅज्युअल्टीत एका रात्री किती माणसं येतात ते ज्याने पाहिलंय, तो तिथल्या निवासी डॉक्टरांवर आणखी एक रकाना लादताना दहादा विचार करेल. सगळ्यांची टेस्ट करा, असं मी म्हणणार नाही.

माझी मागणी छोटी आहे, आणि तिला जवळजवळ खर्च नाही. रिपोर्टवर नुसतं ‘ड्रग स्क्रीन निगेटिव्ह’ लिहायला बंदी हवी. त्या जागी, ज्याला वाचता येतं त्याला समजेल अशा मराठीत छापा: ‘या चाचणीत मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन तपासले. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल तपासलेले नाहीत.’ हे एक वाक्य त्या कागदावर असतं, तर आमच्या चाळीतल्या त्या घराने सही केली नसती असं मला वाटतं. दुसरा टप्पा पट्ट्यांचा. जिथे ड्रग टेस्ट होतेच, तिथे पॅनल आपल्या शहराप्रमाणे ठरावं आणि ते अधूनमधून बदलावं, कारण नवी नावं येत राहतात. परदेशात आता नायटाझीन या कृत्रिम ओपिऑइडच्या गटातली द्रव्यं सापडू लागली आहेत. ती फेंटानिलच्या पट्टीलाही दिसत नाहीत. वॉचमनकडे कितीही फोटो दिले, तरी एखादा अनोळखी येणारच.

तोवर आपण काय करायचं

कुणी बेशुद्ध सापडलं, विचित्र घरघरीने घोरतंय, हलवून उठत नाही, ओठ निळसर दिसतायत, तर ‘झोपलाय, झोपू दे’ म्हणू नका. १०८ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. आसपास पडलेली गोळ्यांची पाकिटं, बाटली, पुडी, जे असेल ते उचलून सोबत न्या. टेस्टला दिसत नाही ते रिकाम्या पाकिटावर छापलेलं असतं. कॅज्युअल्टीत लाज न बाळगता सांगा, आणि रिपोर्ट हातात आल्यावर विचारा: ‘डॉक्टर, यात काय काय तपासलंय?’ इंजेक्शनने शुद्धीवर आलेल्याला डॉक्टर थांबवत असतील तर सही करून घरी आणू नका. व्यसनाबद्दल बोलायचं असेल तर १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

त्या रात्री मी काकूंना रिपोर्ट परत दिला आणि मुलाच्या पँटचे खिसे बघायला सांगितले. टॅपेंटाडॉलची दोन पाकिटं निघाली, एक पूर्ण रिकामं. तोवर आतल्या खोलीत तो पुन्हा घरघरायला लागला होता. तशाच टॅक्सीने ते परत गेले. या वेळी काकूंच्या हातातल्या पिशवीत ती पाकिटं होती. डॉक्टरांनी त्यावरचं नाव केस पेपरवर उतरवून घेतलं, दुसरं इंजेक्शन दिलं आणि त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वॉर्डमधून हलू दिलं नाही.